भिंतीआधीचं दार

"ओ भाऊसाहेब! भिंतीतून कुठं येताय? दार दिसंना का तुमाला? दारातून या, दारातून!"

मार्थामावशीचा हा आवाज पाटाच्या पलीकडून, उभ्या उसाच्या डोक्यावरून येऊन आमच्या कानावर आदळला. मावशीचा आवाजच तसा. नाताळात ती गायला लागली की देवळाली प्रवराकडची कुत्री उठून बसतात आणि सोनईच्या बाजारात लोक एकमेकांना विचारतात, आज कुणाकडं कार्य आहे का म्हणून. आम्ही सोंगातले तीन राजे, फादर आणि मागं ढोलकी-टाळांसकट निम्मं धर्मग्राम, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, असे पाटाच्या कडेनं चाललो होतो. सगळे जागीच थांबले.

समोर भाऊसाहेब हातात दोरखंड घेऊन थिजले होते. मावशीच्या बांधाला यांचा बांध लागून. तालुक्याच्या कचेरीत टेबलावर मूठ आपटून आलेला माणूस! त्यांनी डावीकडं पाहिलं, नांगरट. उजवीकडं पाहिलं, हरभरा. मागं त्यांचाच ट्रॅक्टर. भिंत नावाची गोष्ट नजर जाईल तिथपर्यंत नव्हती. होती ती मोकळ्या जागेत, विटांच्या आणि बांबूंच्या टेकूवर उभी केलेली एक चौकट, आणि त्या चौकटीत एक दार. भाऊसाहेबांनी मुकाट्यानं वळसा घातला, पुढच्या अंगाला गेले, दार ढकललं, उंबरा ओलांडला आणि आत आले. म्हणजे मघाशी जिथं उभे होते तिथंच आले.

"आता कसं मानसासारखं आलात," मावशी म्हणाली.

डिसेंबर लागला, रस्त्यानं उसाच्या बैलगाड्यांची घुंगरं वाजायला लागली, सकाळी हरभऱ्याच्या पानावर दहिवर दिसायला लागलं, की मला हे दार आठवतं. दुसऱ्या कुणाला नाताळ म्हटलं की केक आठवत असेल. आमच्याकडं नाताळची सुरुवात होते ती गव्हापासून. सणाच्या आधी घरोघरी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत माती भरायची आणि गहू पेरायचे. शेजारणी नवरात्रात घट बसवतात ना, तोच हात, तीच माती. नाताळापर्यंत वीतभर कोंब येतात. मग ते सगळे डबे चर्चमधल्या बाळ येशूच्या गोठ्याभोवती मांडायचे. वर उसाच्या पाचटाचं छप्पर. एवढं केलं की बेथलेहेम थेट आमच्या शिवारात येऊन बसतं. मेंढरं पोरांच्या खेळण्यांतली. एका वर्षी त्यांत एक डायनासोर निघाला. आमचा फिलीप, हा दूध संकलन केंद्र चालवतो, तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, त्याला बी थंडी वाजत आसंल."

घरात करंज्या तळल्याचा वास, अंगणात मटणाच्या रश्श्याचा वास, चर्चमध्ये पाचटाचा आणि मेणबत्त्यांचा वास. हे तिन्ही वास एकत्र नाकात गेले की माझं वय पटकन खाली उतरतं. एसटीत कंडक्टर म्हणून उभं आयुष्य काढलं, पण नाताळात मला कुठल्याही गाडीत बसवा, मी आपोआप आमच्या थांब्यावर उतरणार.

आणि आमचे तीन राजे! ताऱ्याच्या मागं लांबून बाळ येशूच्या भेटीला निघालेले, म्हणून ते नाताळला गोठ्यात नसतात. मातीचे राजे, मातीचे उंट, सगळे लांब खिडकीत उभे. रोज मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की त्यांना थोडं थोडं पुढं सरकवायचं. खिडकीतून बाकावर, बाकावरून पायरीवर. एकदा फिलीपनं घाईघाईत त्यांना वर्ष उलटायच्या आतच बाळापाशी नेऊन ठेवलं, तर मार्थामावशीनं भर चर्चमध्ये त्याचा हात धरला. "आरं, आजून वाळवंट हाय मधी! दमू दे त्यानला जरा." राजे परत खिडकीत गेले.

मग नव्या वर्षात येतो राजांचा रविवार. त्या दिवशी मातीचे राजे गोठ्यात पोचतात आणि हाडामांसाचे राजे गावात निघतात. फादरांच्या पुढं हे तिघं चालणार, घरोघरी जाणार. फादर घरात पवित्र पाणी शिंपडणार, दाराच्या चौकटीवर खडूनं नव्या वर्षाचा आकडा आणि तिन्ही राजांच्या नावांची आद्याक्षरं, मधेमधे छोटे क्रॉस घालून, लिहिणार, की घर वर्षभरासाठी आशीर्वादात. बाळासाठी सोनं नेणारा राजा फिलीप, त्याच्या हातात लखलखता पितळी तांब्या. गंधरसवाला शांतवन, त्याच्या हातात खोबरेल तेलाची बाटली, वर सोनेरी कागद. त्याची दाढी त्याच्याच शेतातल्या कापसाची, सरकीसकट; बोलताना एखादं बी टपकन खाली पडायचं. आणि ऊदवाला राजा म्हणजे अस्मादिक. धुपाटणं हातात, मिठाईच्या खोक्याचा मुकुट डोक्यावर आणि अंगावर बायकोचा लग्नातला शालू. शालू देताना ती म्हणाली होती, "डाग पडला तर बेथलेहेमापर्यंत पळवीन." मी उदाचा धूर इतका करायचो की एका वर्षी गावच्या निम्म्या गाई दुधाला कमी आल्या, असं फिलीप अजून सांगतो. तो अतिशयोक्ती करतो. निम्म्या नव्हत्या.

आता राजे दारात येतात म्हटल्यावर लोभ सुटतोच. कुणी म्हणे विहिरीवर चला. कुणी म्हणे बोअरला पाणी कमी झालंय, जरा शिंपडा. टेम्पो झाला, ठिबकची नळी झाली, गाभण म्हैस झाली. मागल्या फादरांना एकानं तर पॅशन-प्रो मोटरसायकलच्या सायलेन्सरवर हात ठेवायला लावला होता. तीन राजे संध्याकाळपर्यंत बांधाबांधानं हिंडत, आणि शेवटच्या घरी पोचेतो शांतवनची हनुवटी उघडी पडलेली.

त्या वर्षी फादर नवे आले. वसईकडचे, तरणे, बोलणं पुस्तकात छापल्यासारखं. त्यांनी नाताळच्या मिस्सेत प्रवचन संपवलं आणि शेवटी जाहीर केलं, "बंधुभगिनींनो, यंदा राजे फक्त दाराशी येतील. जिथं दार आहे, तिथं आशीर्वाद. विहीर, शेत, वाहन यांना नाही. कृपया आग्रह करू नये."

सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त मार्थामावशीची मान हलली नाही. कारण त्या वर्षी तिला दार नव्हतं.

मार्थामावशी माझ्या आईची चुलत बहीण. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, एकुलता एक अनिल पुण्याला कंपनीत. मावशीचं पाटाकडचं मातीचं घर दिवाळीनंतर पाडलं होतं, नवीन बांधायचं म्हणून. पायाची आखणी झाली, थोड्या विटा येऊन पडल्या आणि काम थांबलं. मिस्त्री म्हणे, ऊसतोडीचा हंगाम आहे, माणसं मिळत नाहीत. खरं काय ते मला मिस्त्रीनंच चहा पिता पिता सांगितलं. अनिलनं फोन करून त्याला म्हटलं होतं, "जरा थांबा, घाई करू नका." मावशी तोवर पत्र्याच्या शेडमध्ये, दाराच्या जागी नुसतं गोणपाट. एका पहाटे ती शेडच्या तोंडाशी पाय घसरून पडली. हाड वाचलं, पण अनिलची झोप उडाली. त्याचं म्हणणं सरळ होतं. आई पुण्याला आपल्याकडं यावी, कायमची. फ्लॅटला लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे, चर्च रिक्षाच्या अंतरावर आहे. पोरगा चुकीचं काहीच बोलत नव्हता, हीच खरी अडचण होती. वाईट पोराशी भांडता येतं, चांगल्या पोराशी कसं भांडायचं?

नाताळच्या दिवशी शेडमध्ये आम्ही सगळे जेवायला होतो. वरून पत्रा तापलेला, खालून जमीन गार. अनिल भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "आई, राजांचा सण झाला की निघू आपण. गाडी आणलीच आहे."

"आन् घर?"

"कुठंय घर? चार विटा आहेत."

"राजं येत्याल ना माज्या दारात. त्यांना काय सांगू?"

अनिल हसला. सकाळचं प्रवचन त्यानं नीट ऐकलं होतं. "आई, राजे तुझ्या दारात आले तर तू म्हणशील तसं. मिस्त्रीला मी स्वतः फोन करतो. आणि नाही आले, तर मुकाट्यानं गाडीत बसायचं."

"सबूद दिलास?"

"दिला."

"लुक्या, ऐकलंस न्हवं?" मावशी माझ्याकडं वळून म्हणाली. मी लुकस. साठी ओलांडली तरी तिच्या लेखी लुक्याच. मी तोंडात घास असल्यामुळं नुसती मान हलवली, आणि तिथंच साक्षीदार झालो.

पुढचे दिवस मावशी गप्प होती. मावशी गप्प असणं म्हणजे भंडारदऱ्याचं धरण आवाज न करता भरत असणं. जुन्या घराचं दार भाऊसाहेबांच्या गोठ्यात पाचटाखाली ठेवलं होतं. सागाचं, जुनं, इतकं जड की ते उचलायला गेलेला माणूस आधी शेवटची प्रार्थना म्हणून घ्यायचा. त्याच्या चौकटीवर मागल्या सगळ्या वर्षांचे खडू, एकावर एक, पुसटलेले. मावशीनं तो भाग कधी फडक्यानं पुसला नाही. राजांच्या रविवारी सकाळी आम्ही मिस्सेत "तारा दिसला" म्हणून गात होतो, तेव्हा मावशी पहिल्यांदाच चर्चमध्ये दिसली नाही. अनिलला वाटलं, रुसली. मला वाटलं, बॅग भरत असेल. दोघंही चुकलो. त्या वेळी ती भाऊसाहेबांना आणि मिस्त्रीला कामाला लावत होती. मिस्त्री म्हणाला, "मावशी, चौकट भिंतीत बसिवत्यात, वाऱ्यात न्हाई." त्यावर ती म्हणाली, "भिती मागून येत्याल. आधी दार."

तर आम्ही पाटाच्या कडेला उभे. समोर दार. चौकटीचा वरचा भाग दोरखंडानं भाऊसाहेबांच्या ट्रॅक्टरला बांधलेला, वाऱ्यानं कोसळू नये म्हणून. मिस्त्री एका टेकूला पाठ लावून बसलेला. अनिल गाडीजवळून चालत आला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. ढोलकी थांबली. शांतवनच्या दाढीतून एक सरकी पडली, तिचाही आवाज आला.

फादर दाराला एक फेरी घालून आले. मग म्हणाले, "मावशी, हे दार आहे. मान्य. पण घर कुठं आहे?"

"फादर, तुमी घर म्हनला न्हवता. दार म्हनला हुता."

"पण दाराच्या आत कुणी राहायला हवं ना?"

"मी ऱ्हाते की."

एवढं म्हणून मावशीनं पदर खोचला, दार उघडलं, आत गेली, दार लावलं आणि आतून कडी घातली. आतून म्हणजे काय, ती आम्हांला दाराच्या दोन्ही बाजूंनी दिसत होती. एका बाजूनं तिचा खांदा, दुसऱ्या बाजूनं अंबाडा. पण कडीचा आवाज मात्र अस्सल घराचा झाला. खट्ट.

मला वाटलं, आता फादर हसतील आणि पुढच्या घराकडं वळतील. वळले असते तर मावशी त्या संध्याकाळी गाडीत बसली असती. तिनं शब्द मोडला नसता, ते बाईचं वळणच नव्हे. पुण्याच्या गॅलरीत बसून तिनं श्रीखंडाच्या डब्यात गहू पेरले असते आणि ते कुठं न्यायचे ते तिला कळलं नसतं. मी उदाचा एक मोठा धूर सोडला, इतका की अनिल खोकायला लागला. माझ्या हातात एवढंच होतं.

फादर दोन पावलं पुढं गेले. थांबले. आणि त्यांनी दारावर टकटक केली.

"कोन हाय?" आतून मावशी.

फादरांनी आमच्याकडं पाहिलं. "तीन राजे आलेत. आणि... मी."

"या, या! पर वहाना भाईर काढा. सारवलंय."

वसईच्या त्या पुस्तकी फादरांनी खाली वाकून बूट काढले, मोजे काढले, मोजे बुटात नीट कोंबले आणि उंबऱ्याबाहेर ठेवले. मग आम्ही राजांनी चपला काढल्या. मग ढोलकीवाल्यानं. मग सगळ्यांनी. आज डोळे मिटले तरी मला ते दिसतं. उघड्या माळावर एक दार, दाराच्या अलीकडं चपलांचा ढीग आणि पलीकडं अनवाणी माणसं, ढेकळांवर नि सराट्यांवर तळपाय उचलत, पण तोंडानं गात. चौकट जुन्या मापाची, बुटकी. फिलीप वाकला, शांतवन वाकला, मी वाकायला विसरलो आणि माझा मुकुट चौकटीत अडकून बाहेरच राहिला. शालूला सराटे लागले ते लागलेच. बेथलेहेमापर्यंत पळणं नशिबी होतं.

आत गेल्यावर फादरांनी हातात पवित्र पाण्याचं भांडं घेतलं आणि सवयीनं विचारलं, "स्वयंपाकघर कुठं?"

"हे काय. चूल हिकडं, मोरी तिकडं." मावशीनं हवेत हात फिरवला. फादरांनी त्या हवेवर पाणी शिंपडलं. "ही पावन्यांची खोली." शिंपडलं. "हितं मी झोपनार. खिडकी हरबऱ्याकडं." शिंपडताना फादरांचा पाय सराट्यावर पडला, त्यांनी "आई गं" म्हटलं आणि लगेच पुढची प्रार्थना धरली. त्या दिवसापासून ते आमचे झाले. पुढं त्यांची बदली झाली तेव्हा मावशीनं त्यांना सराट्याची आठवण काढूनच निरोप दिला.

"आन् ही अनिलची खोली," मावशी पुढं सरकत म्हणाली, "लेकरं घिऊन आला म्हंजी." आणि मग एकदम ओरडली, "आरं अनिल! भितीत का उभा हायस? सरक तिकडं!"

अनिल हाताची घडी घालून उभा होता ते बहुधा तिच्या मनातल्या भिंतीच्या बरोबर मधोमध. त्यानं खाली पाहिलं. ढेकळं होती. वर पाहिलं. आभाळ होतं. घडी सुटली. आणि तो सरकला.

हे बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळे गाण्यात होते. पण मी जन्मभर गर्दीत माणसं सरकवलेला माणूस, मला कळतं कोण धक्क्यानं सरकतं आणि कोण मनानं. नसलेल्या भिंतीतून माणूस बाजूला झाला, की समजावं, त्याला ती दिसायला लागली.

शेवटी फादरांनी खडू काढला. हात वर करून चौकटीवर, जुन्या पुसट खडूंच्या शेजारी, नव्या वर्षाचा आकडा लिहिला. चौकट हलली. भाऊसाहेब ट्रॅक्टरवर चढून बसले, का ते त्यांनाच ठाऊक. म्हणे वजन राहतं. मिस्त्रीनं पाठ घट्ट लावली. एका क्रॉसची रेघ जरा वाकडी गेली. ती आजही वाकडी आहे.

आजही आहे म्हणजे, त्या दाराभोवती आता भिंती आहेत, वर स्लॅब आहे, खिडकी हरभऱ्याकडं आहे. अनिलची लेकरं सुट्टीत येतात आणि त्या खोलीत धुडगूस घालतात. यंदाचे राजे तरणे आहेत, पोशाख नगरहून भाड्यानं आणतात, दाढ्या नायलॉनच्या, मुकुट बॅटरीवर चमकणारे. माझा खोक्याचा मुकुट माळ्यावर पडलाय. काल संध्याकाळी पोरं दिव्याची चांदणी लावायला मावशीकडं शिडी मागायला गेली तेव्हा त्यांच्यामागं मीही गेलो, उगीच, दार बघायला. तळहात टेकवला. लाकूड कोमट होतं, दिवसभर उन्हात असल्यासारखं.

माणसं घर बांधतात आणि मग दार बसवतात, आयुष्यभर मी हेच पाहत आलो. पण ते दार पाहिल्यापासून मला वाटतं, आपल्या गोठ्यालाही कुठं भिंती असतात? पाचटाचं छप्पर, तीन बाजूंनी वारा, आणि लांबून येणाऱ्यांना तरी ते घर वाटतं. लांबून आलेलं माणूस वाकून आत शिरलं, की झालं घर. बाकी विटा काय, मिस्त्रीला वेळ मिळाला की येतात.

त्या दुपारी चहा झाला, करंज्या झाल्या, लोक आपापल्या चपला शोधून पांगले. अर्थात दारातूनच. फादर एका मोज्यानिशी गेले, दुसरा मोजा भाऊसाहेबांच्या कुत्र्यानं नेला. ऊन उतरायला लागलं, पाटाकडून बोचरं वारं सुटलं. मावशी एका विटेवर बसून होती, स्वयंपाकघरात. मी मुकुट काढायला मागं थांबलो होतो. अनिल दारातून, वाकून आत आला. तिच्याजवळ उकिडवा बसला. मोबाईल हातात होता, मिस्त्रीचा नंबर समोर काढलेला. तरी त्यानं शेवटचं विचारून पाहिलंच.

"आई, खरं सांग. इथं एकटी राहशील तू?"

मावशीनं डोक्यावरचा पदर कानांवर ओढून घेतला.

"आधी दार लाव," ती म्हणाली. "वारं येतंय."